साध्या दिवसांची वही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या भाषणात संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आढावा अध्यक्षांनी आताच सविस्तर घेतला. त्याची पुनरुक्ती न करता एका लहानशा विषयावर मी आपल्याशी बोलणार आहे. आपल्या रोजच्या, साध्या आयुष्याविषयी आपण अधूनमधून मराठीत चार ओळी लिहाव्यात, एवढाच तो विषय आहे. समारंभाच्या मानाने तो किरकोळ वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तो किरकोळ नाही, असे मला वाटते आणि त्याची कारणे मी आपल्यासमोर मांडणार आहे.

या महोत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा आम्ही शिक्षकांनी साठ वर्षांचे वार्षिक अहवाल कपाटातून बाहेर काढले. अहवाल नीटनेटके आहेत. परीक्षांचे निकाल आहेत, प्रमुख पाहुण्यांची नावे आहेत, देणगीदारांच्या याद्या आहेत. पण मधल्या सुट्टीत मुले डब्यात काय आणीत, पावसाळ्यात कोणता वर्ग गळत असे, घंटा कोण देई, वर्गात मराठी बोलणारी मुले मैदानावर गेली की कोणत्या भाषेत भांडत, याविषयी त्यांत एकही ओळ नाही. हा अहवाल लिहिणाऱ्यांचा दोष नव्हे. अहवालाचे ते कामच नाही. पण मग ते काम कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी ते दिवस प्रत्यक्ष घालवले त्यांनी लिहिले नाही, तर दुसरे कोणीही ते लिहिणार नाही.

“पण आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय?” हा प्रश्न मला पालकसभेत अनेकदा ऐकावा लागतो. सकाळी डबे, मग कचेरी, मग बाजार, मग मुलांचा अभ्यास. त्यात काय लिहायचे? या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या पदरचे देणार नाही. मराठी वाङ्मयातच ते दिलेले आहे.

आपल्या शहरात मराठी साहित्य संमेलन प्रथम १९०९ साली भरले आणि अलीकडे २०१८ साली. मधल्या काळात १९३४ साली येथे भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष होते नारायण गोविंद चापेकर. न्यायखात्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते बदलापूरला राहिले. तेथे त्यांनी कोणता मोठा विषय निवडला? आपले गावच. घरे, शेती, सणवार, खाणेपिणे, लोकांचे बोलणे, असे जे जे रोज डोळ्यांसमोर होते त्याची त्यांनी बारकाईने नोंद केली आणि ‘बदलापूर’ हे पुस्तक सिद्ध केले. पुढे ‘पेशवाईच्या सावलींत’ या ग्रंथात त्यांनी जुन्या दप्तरांतील जमाखर्चाच्या नोंदींवरून त्या काळचे सामाजिक जीवन उभे केले. ज्या कारकुनाने कापडाचा आणि किराण्याचा खर्च टिपून ठेवला, त्याच्या मनात इतिहास लिहिण्याचा विचारही नव्हता. तो फक्त हिशेब लिहीत होता. पण तो त्याने लिहिला, म्हणून त्या काळातील घरांत काय येत होते आणि काय जात होते हे आज आपल्याला कळते.

दुसरे उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते त्या शहरात होते. परत आल्यावर कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या. ‘माझा प्रवास’ या नावाने त्या १९०७ साली प्रसिद्ध झाल्या. त्या बंडाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. परंतु कोठे मुक्काम पडला, काय खायला मिळाले, दक्षिणा किती मिळाली, झाशीच्या राणीची दिनचर्या कशी होती, वेढ्यातल्या शहरात सामान्य माणसाची रात्र कशी जात होती, हे सांगणारा हा साधा भिक्षुक आहे. स्वतःला तो इतिहासकार समजला असता, तर कदाचित यातले बरेचसे त्याने क्षुल्लक म्हणून गाळले असते.

तिसरे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. वडिलांचे टोकाचे सोवळे, सासरचा जाच, नवऱ्याचा विक्षिप्त उदारपणा, घरातली चणचण, हे सारे त्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे सांगतात. त्यांच्या घरात जे घडत होते, तसे बरेचसे त्या काळच्या पुष्कळ घरांत घडत असणार. त्या बायकांकडेही सांगण्यासारखे होते. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती लेखणी आली, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी करण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे येथे वाचणारा समाज तयार झाला. गुजराती आणि मराठी एकमेकींच्या शेजारी नांदल्या. १ मे १९६० रोजी गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन राज्ये झाली, त्यानंतरही येथील मराठी माणूस येथेच राहिला. पुढे तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने आले, तेव्हा नोकरीच्या निमित्ताने आणखी मराठी कुटुंबे आली. आपल्या शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांत राजवटीच्या काळापासून येथे असलेल्या घरांची मुले आणि कालपरवा आलेल्या कामगार-अभियंत्यांची मुले एकाच बाकावर बसत होती.

या दोन भाषांच्या शेजारातून येथे एक वेगळेच मराठी आयुष्य घडले आहे. त्याची नोंद पुण्यात किंवा मुंबईत कोणी करणार नाही, कारण ते तेथे नाहीच. संक्रांतीचा दिवस घ्या. आपल्या घरात त्या दिवशी गुळाची पोळी असते आणि शेजारून उंधियू येतो. खाली आजी तिळगूळ वाटीत असते आणि तिचाच नातू गच्चीवरून “काप्यो छे!” म्हणून ओरडत असतो. दुसऱ्या दिवसाला आपण ‘किंक्रांत’ही म्हणतो आणि ‘वासी उत्तरायण’ही म्हणतो. नवरात्रात संध्याकाळी भोंडल्याचा फेर धरणाऱ्या मुली रात्री गरब्याच्या फेऱ्यात असतात. आपली उसळ येथे येऊन शेवेला भेटली आणि ‘सेव-उसळ’ ही या शहराची ओळख झाली. घरातील झोपाळ्याला आपण सहज ‘हिंचका’ म्हणतो आणि पाहुण्यांनी हसून दाखवल्याशिवाय आपल्या ते लक्षातही येत नाही. ही भाषा अशुद्ध आहे म्हणून अनेकांना संकोच वाटतो. मी आयुष्यभर व्याकरण शिकवले आहे, तरीही सांगते, की घरातील गोष्ट लिहिताना हा संकोच बाळगू नका. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषा हवी, हे खरे. स्वतःच्या वहीत मात्र आजी जे बोलली तेच आणि तसेच उतरले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सातवीच्या मुलांना वर्षातून केवळ दहा वेळा घरातील एखादा दिवस लिहून आणायला सांगितले. निबंध नव्हे, त्याला गुणही नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला, त्यानंतर एका मुलीने आणलेले पान मी जपून ठेवले आहे. पाण्याची पातळी वर्तमानपत्रात फुटांत छापून येत होती. या मुलीने ती पायऱ्यांत मोजली होती. दुपारी तिसरी पायरी, दिवेलागणीला पाचवी, रात्री सातवी. आठव्या पायरीवर बाबांनी खडूने रेघ ओढली आणि पाणी रेघेला लागले तर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायचे असे ठरवले. आजीने देव पाटीत काढून आधीच वर पाठवले होते. सोसायटीच्या फाटकाशी मगर दिसल्याचा निरोप आला, तेव्हा धाकट्या भावाने विचारले, “ती आपल्या शाळेत पण येईल का?” शेवटी लिहिले होते, की पाणी रेघेला लागले नाही, पण आई रात्रभर तेथेच पायरीवर बसून होती.

या पानावर विशेषणे जवळजवळ नाहीत. भीती वाटली, असेही कोठे लिहिलेले नाही. ते वाचताना मात्र आपल्याला भीती वाटते. पुराचे आकडे सरकारी दप्तरात राहतील. पायरीवर बसून राहिलेली आई मात्र त्या एका पानापुरतीच उरली आहे.

अशीच एक वही आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला दाखवायला आणली होती. त्याच्या आईच्या जमाखर्चाची ती वही. दळण, दुधाचा रतीब, शाळेची फी, मांजा, औषध. हिशेब सारा मराठीत. वाण्याच्या उधारीचा आकडा मात्र गुजरातीत, बहुधा वाण्यानेच लिहिलेला. एका महिन्याच्या बेरजेखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, “आज पहिला पाऊस. बाळ शाळेतून भिजत आला, तरी हसत होता.” तो बाळ आता साठीजवळ आला आहे. त्या दिवशीचा पाऊस त्याला आठवत नाही. आई जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. ही ओळ वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही काही विचारले नाही.

तेव्हा पालकहो, रोज लिहा असे मी सांगत नाही. रोजनिशीचा संकल्प आपण सर्वांनी कधी ना कधी केलेला असतो. १ जानेवारीला सुरू झालेली रोजनिशी बहुधा उत्तरायणाच्या पतंगांबरोबरच कापली जाते. रोज लिहायचे ठरवले की चुकलेला दिवस टोचतो, आणि मग वही बंदच होते. त्यापेक्षा अधूनमधून लिहावे. पंधरा दिवसांनी, महिन्याने, जेव्हा एखादी गोष्ट मनात रेंगाळेल तेव्हा. मध्ये सहा महिने गेले तरी हरकत नाही. पुढचे पान आपल्याला जाब विचारत नाही.

कसे लिहावे, याविषयी शिक्षिकेच्या सवयीने चार सूचना करते. पहिली, दिनांक आणि ठिकाण अवश्य घाला; घरातल्या माणसांचे नाते लिहा. आज आपल्याला ठाऊक असलेले उद्याच्या वाचकाला ठाऊक नसते. दुसरी, वस्तूंना त्यांच्या नावांनी हाक मारा. नुसते ‘भांडे’ न लिहिता रोळी, सांडशी, पातेले, जे असेल ते लिहा. फडताळ, उंबरा, मोरी हे शब्द घरांच्या नव्या रचनेबरोबर निघून चालले आहेत. निदान वहीत त्यांना जागा द्या. तिसरी, कोण काय बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहा. चौथी, सजवू नका. ‘अविस्मरणीय’ असे लिहिल्याने काही स्मरणात राहत नाही. त्या दिवशी भाजीत मीठ कोणी दोनदा घातले, ते लिहिल्याने राहते.

एक पथ्यही सांगते. घरात भांडणे होतात, आजारपणे असतात, पैशाची ओढाताण असते. ती लिहू नयेत असे मी म्हणणार नाही. लिहिल्याने मन हलके होते आणि पुष्कळदा समोरच्याची बाजूही दिसू लागते. पण लिहिणे वेगळे आणि चारचौघांना दाखवणे वेगळे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारल्याशिवाय ते पान घराबाहेर जाऊ नये. मोबाईलच्या या दिवसांत हे मुलांना सांगणे विशेष आवश्यक झाले आहे.

मोबाईलचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे बोलते. आपण पूर्वीपेक्षा कमी लिहितो असे नाही. दिवसभर काही ना काही लिहीतच असतो. पण सकाळी पाठवलेला सुविचार कोणा दुसऱ्याचा असतो, सणाच्या शुभेच्छा तयार मिळतात, आणि स्वतःचे वाक्य लिहिण्याची वेळ येते तेव्हा मराठी शब्द रोमन अक्षरांत उमटतात. पूर्वी सासरी गेलेली मुलगी पोस्टकार्डाच्या कोपऱ्याकोपऱ्यात मजकूर बसवून माहेरी खुशाली कळवीत असे. आता खुशाली रोज कळते आणि मागे काही उरत नाही. मोबाईलवर लिहायला माझी मुळीच हरकत नाही. देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये असतो. आपले वाक्य आपण आपल्या लिपीत लिहावे, एवढेच मागणे आहे.

लिपीचा आग्रह मी का धरते? बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी कित्येक घरांत आजही एखाद्या पेटीत मोडीतले कागद आहेत. पणजोबांचे अक्षर आहे, शाई शाबूत आहे, भाषा मराठीच आहे. पण घरातील एकालाही ते वाचता येत नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचेच कागद घरच्यांना परके झाले. पणजोबांनी त्यात शेताचा वाद लिहिला आहे की मुलाच्या मुंजीचा खर्च, हे विचारायला आता जाणकाराकडे जावे लागते.

तीच वेळ देवनागरीतील मराठीवर आपल्या घरांत येऊ शकते. हे मी कटुतेने बोलत नाही. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थ्यांची मुले आज अन्य माध्यमांच्या शाळांत शिकतात. त्यामागची कारणे मला समजतात. बदलीच्या नोकऱ्या आहेत, पुढच्या शिक्षणाची काळजी आहे. पूर्वी आपल्याकडे एका इयत्तेच्या अनेक तुकड्या असत. आज एक तुकडी पुरी भरली की आम्ही समाधान मानतो. शाळेपुढे हा प्रश्न आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. पण मूल कोणत्याही शाळेत जावो, त्याला आपल्या आजीचे अक्षर वाचता आले पाहिजे, हे तरी आपण ठरवू शकतो. आजीने हौसेने लिहिलेली लोणच्याची कृती नातीला तिसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये. मुलाला मराठी वाचायची गोडी लागावी म्हणून आपण पुस्तके आणतो, ती अवश्य आणावीत. परंतु ज्या वहीत त्याच्या स्वतःच्या जन्माच्या दिवशीची हकीकत आहे, त्या वहीइतके त्याला वाचावेसे वाटणारे मराठी पुस्तक मला माहीत नाही.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट आम्ही रिकामे केले आहे. आपल्या घरातील अशी पाने, पत्रे, हिशेबाच्या वह्या, शाळेच्या दिवसांच्या आठवणी यांच्या प्रती त्यात ठेवाव्यात, अशी विनंती आहे. मूळ कागद आपल्याच घरी राहू द्या. जे इतरांनी वाचू नये असे वाटते, ते देऊ नका. शुद्धलेखनाची काळजी करू नका, मी लाल शाई वापरणार नाही. जे आज परदेशी किंवा परप्रांती आहेत त्यांनी तेथील दिवस लिहून पाठवावेत. बर्फ पडलेल्या गावात चतुर्थीला दूर्वा कोठून आणल्या, हेही आपल्या शाळेच्या इतिहासातलेच पान आहे. आणि ज्यांच्या घरी मोडीचे कागद आहेत त्यांनी कळवावे. मोडी वाचणाऱ्या जाणकारांना बोलावून आपण वरच्या वर्गांतील मुलांसाठी त्या लिपीचे वर्ग सुरू करण्याच्या विचारात आहोत.

आज घरी परतल्यावर थकवा असेल. आज लिहू नका. या समारंभाविषयी तर अजिबात लिहू नका. त्याचा अहवाल आम्ही छापणारच आहोत. पुढच्या आठवड्यात केव्हातरी, ज्या दिवशी विशेष असे काहीही घडलेले नसेल, त्या दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर एक जुनी अर्धवट भरलेली वही शोधा, वर दिनांक घाला, आणि आज घरात काय झाले ते मुलांना विचारून चार ओळी लिहा. शक्य झाले तर शेवटची ओळ मुलांना लिहू द्या.